ताबा त्यांचा, विमा आमचा

लिलावातले घर घेऊ नये, त्यात कुणाचा तरी तळतळाट असतो, असे आपल्या समाजातही आज सर्रास सांगितले जाते. विहारात वंदनेला बसणारी, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असणारी माणसेसुद्धा हे सांगतात, तेव्हा नवल वाटते. तळतळाटाने भिंतीला तडा जात नाही. तडा जातो तो भूकंपाने, पाया खचल्याने, नाहीतर बिल्डरने सिमेंटमध्ये केलेल्या चोरीने. (यातल्या पहिल्या दोन गोष्टींचा विमा मिळतो, तिसरीचा मिळत नाही, हेही जाता जाता सांगून ठेवतो.)

मात्र या अंधश्रद्धेच्या आड एक खरा प्रश्न दडलेला आहे आणि त्याला अंधश्रद्धा म्हणून झटकता येत नाही. ज्या घरात अजून माणसे राहत आहेत, ते घर कागदावर आपले झाले, तर त्या माणसांशी आपले नाते काय? आम्हा नवरा-बायकोपुढे हा प्रश्न कोर्टात किंवा पोलीस ठाण्यात उभा राहिला नाही. तो उभा राहिला घराच्या विम्याचा फॉर्म भरताना. त्या फॉर्मवर विचारले होते, घरात सध्या कोण राहते?

आधी हे सांगितले पाहिजे की आम्ही लिलावाकडे वळलो का. भाड्याच्या घरासाठी फिरताना आडनाव सांगितल्यावर ‘कालच दुसऱ्यांना दिलं’ हे वाक्य किती वेळा ऐकले, त्याची मोजदाद आम्ही सोडून दिली होती. विकत घ्यायला गेलो तरी वेगळे काही नव्हते. दलाल फोनवर गोड बोलायचा, भेटीत नाव कळले की मालकाचा विचार बदलायचा. कारण कधीच सांगितले जात नाही, आणि कारण सांगितले जात नाही म्हणून तक्रारही करता येत नाही. १९१७ साली बडोद्यात नोकरीसाठी गेलेल्या बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेतून काठ्या घेतलेल्या माणसांनी बाहेर काढले, हे आपण दरवर्षी व्याख्यानात ऐकतो. आता काठ्या नाहीत, एवढाच फरक.

बँकेच्या लिलावात हा अडथळा नाही. तिथे मालक तुम्हाला पाहून ठरवत नाही. पॅन, आधार, इसाऱ्याची रक्कम आणि संगणकावर टाकलेली बोली, संपले. ज्याची बोली जास्त, त्याचे घर. बाजाराबद्दल आमच्या मनात भाबडेपणा नाही, पण इतकी निर्विकार खरेदी दुसरीकडे कुठे आम्हाला भेटली नाही. आपल्या तरुण जोडप्यांनी हा मार्ग ओळखावा असे आमचे मत आहे आणि तळतळाटाच्या भीतीने तो सोडू नये, असेही मत आहे. पण डोळे उघडे ठेवून.

उघड्या डोळ्यांनी काय पाहायचे? वर्तमानपत्रातल्या लिलावाच्या जाहिरातीत दोन शब्द असतात : प्रत्यक्ष ताबा किंवा सांकेतिक ताबा. सांकेतिक ताबा म्हणजे बँकेने दारावर नोटीस डकवली, पेपरात छापली, आत मात्र कुटुंब राहतेच आहे. असे घर स्वस्त मिळते आणि ते स्वस्त असण्याचे कारण म्हणजे आत राहणारी माणसे. २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार कर्ज थकले की बँक ६० दिवसांची नोटीस देते, मग ताबा घेते, मग विक्रीची नोटीस काढते. बोली लागली की २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी, आणि उरलेली विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत भरायची. दोन्ही बाजू लेखी कबूल झाल्या तर ही मुदत वाढते, पण तीन महिन्यांपलीकडे नाही. हे सगळे ‘जसे आहे, जेथे आहे’ या तत्त्वावर. म्हणजे सोसायटीची थकबाकी, घरपट्टी, आत राहणारी माणसे, सगळे तुमच्या गळ्यात. विजेची थकबाकीसुद्धा, कारण २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने वीज कंपनी जुन्या मालकाची बाकी नव्या जोडणीच्या वेळी लिलावातल्या खरेदीदाराकडून मागू शकते असा निकाल दिला. आत जुना, भाडे कायद्याचे संरक्षण असलेला भाडेकरू निघाला तर गोष्ट आणखी वेगळी. २०१६ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की सरफेसीच्या जोरावर त्याचे संरक्षण हिरावता येत नाही.

आमचे घर बदलापूरच्या बाजूला, उल्हास नदीपासून फार लांब नाही. ४१० चौरस फूट चटई क्षेत्र, पहिला मजला. किंमत १७ लाख ६० हजार, त्यातले बरेचसे कर्जाचे. २०१९ च्या जुलैत याच पट्ट्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती, प्रवाशांना बोटींनी काढावे लागले होते. तेव्हा पावसाळ्याच्या तोंडावर विक्री प्रमाणपत्र हातात आले आणि आम्ही पहिली गोष्ट विम्याची केली.

ज्याच्याकडे गेलो त्या विमा एजंटने हातच झटकले. म्हणाला, “ताबा मिळू द्या, मग या. आत दुसरी माणसं असताना कोण विमा देईल?” हाच समज आम्हाला पुढे वकिलापासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांकडे आढळला. तो चुकीचा आहे, म्हणून इथे जरा विस्ताराने लिहितो.

विमा ताब्याला चिकटत नाही, हितसंबंधाला चिकटतो. विम्याच्या भाषेत त्याला इन्शुरेबल इंटरेस्ट म्हणतात. घर जळाले, पडले, वाहून गेले तर ज्याचे पैशाचे नुकसान होते, त्याला त्या घराचा विमा काढता येतो. विक्री प्रमाणपत्र ज्याच्या नावावर, त्याचे नुकसान होणार हे उघड आहे. भाड्याने दिलेल्या घराचा विमा मालक काढतोच ना? तेव्हा आत भाडेकरूच असतो. प्रश्न आत कोण आहे हा नाही, आत कोण आहे हे तुम्ही खरे सांगितले की नाही हा आहे. विम्याचा करार पूर्ण खरेपणावर उभा असतो. ‘घरात स्वतः राहतो’ असे लिहिले आणि उद्या आग लागली, तर सर्व्हेअर पहिल्याच भेटीत विचारेल की जळालेले कपाट कुणाचे. तिथे दावा संपला.

आणखी एक गोष्ट. जुन्या मालकाने कर्ज घेताना बँकेच्या आग्रहाने आगीचा विमा काढलेला असतो, तोच पुढे चालेल असे काहीजण समजतात. चालत नाही. अग्निविमा माणसाशी केलेला करार आहे, भिंतीशी नाही. आपला विमा आपल्या नावाने नवा काढावा लागतो, आणि हप्ता भरला त्यानंतरच जोखीम सुरू होते. आम्हीही कर्ज घेतले असल्याने आमच्या पॉलिसीवर आमच्या बँकेचे नाव चढले. म्हणजे घर जळाले तर पैसे आधी तिच्याकडे जातील. हे माहीत असावे.

१ एप्रिल २०२१ पासून देशातल्या सर्व साधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकाच नमुन्याची पॉलिसी द्यावी लागते. आग, पूर, वादळ, भूकंप, जमीन खचणे, दंगल हे त्यात येते. विम्याची रक्कम चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा चालू दर अशी निघते. जमिनीची किंमत त्यात नसते. आमचे घर साडेसतरा लाखांचे, पण विमा साधारण सव्वादहा लाखांचा, हे पाहून घाबरू नये. भिंती पुन्हा उभारायला जे लागेल तेच विम्यात येते. इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, इतके घरातले सामान या पॉलिसीत आपोआप धरले जाते. आम्ही ते काढून फक्त इमारतीचा विमा मागितला. आतली भांडी, टीव्ही, गाद्या आमच्या नव्हत्या. दुसऱ्याच्या संसाराचा विमा आपल्या नावाने कसा काढणार? वर्षाचा हप्ता हजार रुपयांच्या आत बसला. आत राहणारे कुटुंब पूर्वीचे कर्जदार आहे, ताबा अजून मिळालेला नाही, हे आम्ही वेगळ्या पत्रावर लिहून दिले आणि त्या पत्राची पोच घेतली. दुसऱ्या एका कंपनीने हे सगळे वाचून पॉलिसी दिली.

यात काय येत नाही, तेही पाहा. कुणी बेकायदा घरात बसून राहिला आणि त्यामुळे तुमचा ताबा गेला, तर त्या नुकसानीला विमा नाही. सरकारी हुकमाने घर ताब्यात घेतले गेले तर त्यालाही नाही. म्हणजे ज्या एका गोष्टीची खरेदीदाराला झोप लागत नाही, तिचा विमा या पॉलिसीत नाही, आणि तो नसावाच.

उलट गंमत अशी की विम्याच्या दृष्टीने रिकामे घर जास्त धोक्याचे. जुन्या अग्निविमा पॉलिसीत तर स्पष्ट अट होती की इमारत ३० दिवसांहून जास्त काळ रिकामी राहिली आणि कंपनीची संमती घेतलेली नसेल, तर विमा थांबतो. रिकाम्या घरात पाणी गळते, वायर जळते, कुणाला पत्ता लागत नाही. ज्या माणसांना बाहेर काढण्यासाठी आम्हाला सगळे सल्ले देत होते, तीच माणसे त्या पावसाळ्यात आमच्या घराची राखण करत होती. हे लक्षात आल्यावर आम्ही त्यांना भेटायला गेलो.

आत एक बाई, तिची दोन मुले आणि सासू. नवरा एप्रिल २०२१ मध्ये कोरोनात गेला. तो गेल्यावर हप्ते थांबले. बाई जवळच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. आम्ही कोण हे सांगितल्यावर ती काही बोलली नाही, सासू बोलली. आम्ही त्यांची जात विचारली नव्हती, त्यांनी आमची विचारली. “तुम्ही कुठल्या समाजाचे?” आम्ही सांगितले, बौद्ध. थोडा वेळ शांतता. मग बाईनेच पाणी आणून दिले. घर गेले, माणूस गेला, दारात नोटीस लागली, तरी हा एक प्रश्न सुटत नाही! पण आम्ही तिथे त्या म्हातारीला शिकवायला गेलो नव्हतो.

आम्ही विम्याबद्दल बोललो. पूर आला तर तुमच्या सामानाचे काय, हे विचारले. बाईने कर्जाच्या कागदांची पिशवीच पुढे केली, म्हणाली, “ताई, विम्याचं काय ते यातच असेल.” पिशवीत कर्जाचा खातेउतारा होता. २०१८ साली १४ लाखांचे कर्ज दिले तेव्हाच त्यात ६२ हजार रुपयांची एक रक्कम वेगळी नावे टाकलेली होती. ती होती कर्जदाराच्या जीवनविम्याच्या एकरकमी हप्त्याची. मुदत पाच वर्षे. म्हणजे नवरा गेला तेव्हा हा विमा चालू होता. त्याचा हप्ता कर्जात मिळवून त्यावर व्याजही घेतले गेले होते. आणि त्या विम्याचा दावा कुणीही केला नव्हता. बाईला असा काही विमा आहे हेच माहीत नव्हते. कर्ज देणाऱ्या संस्थेला माहीत होते, कारण समूह विम्याची मूळ पॉलिसी तिच्याच नावाने होती. नोटिसा पाठवताना मात्र तिला कर्जदार मेला हे कळत होते, कारण त्या ‘मयताचे वारस’ म्हणून आल्या होत्या.

त्या रात्री घरी आल्यावर आम्ही बराच वेळ बोललो. दावा वेळेवर झाला असता तर कर्ज फिटले असते आणि लिलाव झालाच नसता. आता लिलाव झाला होता, प्रमाणपत्र आमच्या नावावर होते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर विक्रीची नोटीस प्रसिद्ध होण्याआधीच कर्ज फेडून घर सोडवता येते, नंतर नाही, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते पक्के केले. कर्जवसुली न्यायाधिकरणात जाण्याची ४५ दिवसांची मुदतही उलटली होती. तरी आमच्या वकिलांनी बजावले : “उशीर माफ करा म्हणून कोणीही अर्ज करू शकतो. तुम्ही तिला हा कागद समजावून सांगितलात, तर उद्या तुमच्याच घरावर स्थगिती येईल.” नातेवाइकांचे म्हणणे याहून सोपे होते. तुमचं काय जातंय, गप्प बसा.

आमचे जे जाणार होते ते लहान नव्हते. पंधरा वर्षांची बचत त्यात होती. पण गप्प बसणे म्हणजे नेमके काय, हे आम्ही स्वतःला विचारले. एखाद्याच्या अज्ञानावर आपला हक्क उभा करायचा, हीच तर ती पद्धत आहे जिने पिढ्यान् पिढ्या आपल्याला गावाबाहेर ठेवले. कागद वाचता येणाऱ्याने कागद न वाचता येणाऱ्याची जमीन घेतली, अंगठा घेतला. आम्हाला वाचता येते ते बाबासाहेबांमुळे. ते वाचन त्याच कामाला लावायचे का?

बाबासाहेबांनी विम्याचा विचार केला होता, हे आपल्यातल्या अनेकांना माहीत नसते. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी शेती आणि मुख्य उद्योगांबरोबर विमाही राज्याच्याच हाती असावा असे सुचवले, आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मिळकतीच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा करावा असेही. त्यांची कारणे दोन : खासगी कंपनीपेक्षा राज्याकडून माणसाला जास्त सुरक्षितता मिळेल आणि राज्याला आर्थिक नियोजनासाठी भांडवल मिळेल. पुढे १९५६ मध्ये आयुर्विम्याचे आणि १९७३ पासून साधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, १९९९ च्या कायद्याने दारे पुन्हा खासगी कंपन्यांना उघडली. आज गृहकर्जाच्या टेबलावर विमा जवळजवळ सक्तीचाच असतो, फॉर्मच्या गठ्ठ्यात सही घेतली जाते. पण ही सक्ती माणसासाठी नाही, कर्जासाठी आहे. आणि इथे तर कर्जासाठीसुद्धा वापरली गेली नाही, कारण घर विकणे संस्थेला जास्त सोपे वाटले असावे. बाबासाहेबांनी मागितलेल्या विम्यात मेलेल्या माणसाच्या बायकोला स्वतः कागद शोधत बसावे लागले नसते.

आम्ही दुसऱ्या रविवारी पुन्हा गेलो आणि कागद समजावून सांगितला. सासूने दोनदा विचारले, “पण हे तुम्ही का सांगताय?” तिला उत्तर पटले की नाही माहीत नाही.

बाईने विमा कंपनीकडे दावा केला. उत्तर आले, तीन वर्षे उशिरा कळवले म्हणून नामंजूर. आता विमा नियामकाचेच २०११ चे परिपत्रक आहे की खरा दावा केवळ उशिरा कळवला म्हणून फेटाळू नये. ते जोडून कंपनीच्या तक्रार विभागाला पत्र गेले. तिथे एक महिना वाट पाहायची, समाधान झाले नाही तर नकाराच्या तारखेपासून एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जायचे. तिथे वकील लागत नाही, फी लागत नाही, मुंबईत आणि पुण्यात कार्यालये आहेत. दुसरे पत्र कर्ज देणाऱ्या संस्थेला गेले. लिलावाच्या पैशातून कर्ज आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम कर्जदाराला परत द्यावी लागते, सरफेसी कायद्याच्या कलम १३ मध्येच ते लिहिले आहे. त्याचा हिशेब मागितला. दोन्ही पत्रे बाईच्या सहीने, मजकूर आमच्या हातचा. ज्यांच्या घरी असा लिलाव झाला आहे त्यांनी निदान ही दोन पत्रे तरी लिहावीत, यासाठी हे सगळे लिहीत आहोत. खातेउताऱ्यात विम्याची रक्कम नावे पडली आहे का, ते आजच पाहा.

घराचेही ठरवले. जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून ताबा मिळवण्याचा बँकेचा अर्ज पडून होता, त्याला कायद्यात मुदत ३० दिवसांची, फार तर एकूण ६० दिवसांची. प्रत्यक्षात किती लागतात ते विचारू नका. आम्ही बँकेला लेखी कळवून बाईशी ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार केला आणि तो नोंदवला. नोंदणी महत्त्वाची, कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात मुदत संपल्यावर जागा परत मिळवण्याची वेगळी तरतूद अशा करारासाठी आहे. दरमहा ठरले ते आमच्या व्याजाच्या निम्मेही नाही. काही मित्र याला भावनेच्या भरातला व्यवहार म्हणाले. आमचा हिशेब साधा होता : रस्त्यावर पोलीस उभे करून घेतलेले घर आणि किल्ली हातात देऊन घेतलेले घर, यात दुसऱ्याच्या भिंती, नळ आणि वायरिंग जागेवर राहते.

करार झाल्याचे विमा कंपनीला त्याच आठवड्यात कळवले. पॉलिसीवर आता ‘मालक राहत नाही, परवानाधारक राहतो’ अशी नोंद आहे, हप्ता वाढला नाही. बाईने तिच्या सामानाचा वेगळा विमा तिच्या नावाने घेतला, ‘भारत गृह रक्षा’मध्ये भाड्याने राहणाऱ्यालाही फक्त सामानाचा विमा मिळतो. पहिला हप्ता तिने स्वतः भरला, आम्ही भरू म्हटले तर नको म्हणाली.

सोसायटीची पदाधिकारी मंडळी मात्र आम्हाला सभासद करून घ्यायला चार महिने कागद मागत राहिली. आम्हीही एक कागद मागितला : उपविधीनुसार इमारतीचा आगीचा आणि भूकंपाचा विमा सोसायटीने काढायला हवा, त्याची प्रत दाखवा. प्रत निघाली नाही, कारण विमाच नव्हता. पुढच्या सर्वसाधारण सभेत तो विषय आमच्या नावाने कार्यक्रमपत्रिकेवर आहे.

लोकपालाकडची तारीख अजून लागलेली नाही. बाईचा अर्ज दाखल होऊन सात आठवडे झाले. करार संपायला पाच महिने आहेत, आणि मुलांची शाळा त्याच रस्त्यावर असल्यामुळे ती जवळच खोली पाहते आहे. दोन ठिकाणी घरमालकांनी तिला विचारले, नवरा काय करतो. विधवा म्हटल्यावर खोली आधीच दिलेली निघाली.